द्रष्ट्यावाचून दर्शन : 'ला रेजियाँ सांत्राल' आणि निर्मनुष्य प्रदेशाचा प्रश्न

१

निसर्गाचे चित्रण करणारी कोणतीही कलाकृती एक गृहीत धरून चालते. निसर्ग दिसतो तो कुणाला तरी दिसतो, हे ते गृहीत होय. मराठी समीक्षेला हे गृहीत इतके परिचित आहे की त्याची वेगळी नोंद घेण्याची गरज तिला सहसा भासलेली नाही. बालकवींच्या निसर्गकवितेचे विवेचन करताना समीक्षक चेतनगुणोक्तीचा निर्देश करतो, कवीच्या वृत्तीचा आणि दृश्याचा मेळ दाखवतो, निसर्गाला भावावस्थेचे प्रतिरूप मानतो. निसर्गाचे वर्णन म्हणजे अंती मनाचे वर्णन, हा निष्कर्ष तिथे जवळजवळ ठरलेला असतो. चेतनगुणोक्ती हा अलंकार तर या व्यवहाराची उघड कबुलीच आहे. अचेतनाला मानवी गुण दिल्याखेरीज त्याच्याशी संबंध जोडता येत नाही, असे त्यात सुचवलेले असते.

याच्या उलट दिशेने प्रश्न विचारता येतो. मनाचे आरोपण काढून घेतले, पाहणारा माणूसच दृश्यातून वजा केला, तर निसर्ग उरतो काय? उरत असल्यास तो कोणत्या रूपात उरतो? शब्दाच्या माध्यमात हा प्रयोग अवघड आहे; कारण प्रत्येक शब्द अगोदरच माणसांनी वापरलेला असतो. 'डोंगर' म्हणताच चढणारा माणूस आणि 'क्षितिज' म्हणताच उभा राहून पाहणारा माणूस त्या शब्दात हजर होतो. कॅमेरा हे मात्र यंत्र आहे. हे यंत्र माणसाच्या डोळ्यापासून सोडवता येईल, अशी आशा चित्रपटाच्या इतिहासात वारंवार व्यक्त झालेली दिसते. झिगा व्हेर्तोव्हने १९२३ सालच्या जाहीरनाम्यात यांत्रिक नेत्राला मानवी स्थितिबद्धतेतून मुक्त करण्याची घोषणा केली होती. परंतु त्याच्या 'चित्रपट-कॅमेरा घेतलेला माणूस' (१९२९) या चित्रपटात शहर आहे, गर्दी आहे, आणि शीर्षकातच माणूस आहे. ही आशा तिच्या तार्किक टोकापर्यंत नेण्याचे काम कॅनडातील चित्रकार, शिल्पकार, संगीतकार आणि चित्रपटकार मायकेल स्नो (१९२८–२०२३) याच्या 'ला रेजियाँ सांत्राल', म्हणजे 'मध्यवर्ती प्रदेश', (१९७१) या तीन तासांच्या चित्रपटाने केले. त्या प्रयत्नाचे स्वरूप, त्याचे यश आणि त्या यशाला पडलेली मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

चित्रपटाच्या सिद्धीची हकीकत प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण येथे निर्मितीप्रक्रिया ही कलाकृतीबाहेरची माहिती राहत नाही. स्नोचा 'वेव्हलेंग्थ' (१९६७) हा चित्रपट न्यूयॉर्कमधील एका मोठ्या खोलीत घडतो. पंचेचाळीस मिनिटे झूम भिंतीच्या दिशेने सरकत राहतो आणि अखेरीस भिंतीवर लावलेल्या समुद्राच्या छायाचित्रापाशी येऊन थांबतो. या खोलीत माणसे येतात-जातात, एक मृत्यूही घडतो. पण झूम त्यांच्यासाठी थांबत नाही. पी. ॲडम्स सिटनी याने १९६९ साली ज्या चित्रपटांना 'संरचनात्मक चित्रपट' अशी संज्ञा दिली, त्यांत हा चित्रपट अग्रभागी होता. चित्रपटाचा घाट आधी ठरलेला असावा, तो साधा असावा, आणि त्या घाटाचाच ठसा प्रेक्षकाच्या मनावर उमटावा, हा या प्रवृत्तीचा गाभा होय.

खोलीतल्या या प्रयोगानंतर स्नोला खुले अवकाश हवे होते. १९६९ साली अर्थसाहाय्यासाठी लिहिलेल्या प्रस्तावात त्याने पाश्चात्त्य निसर्गचित्रणाच्या थोर परंपरेला तुल्यबळ ठरेल असा चित्रपट करण्याची आकांक्षा मांडली. त्यासाठी असा प्रदेश पाहिजे होता की ज्यात कोणत्याही दिशेला मानवी वावराची खूण दिसणार नाही. तारेचा खांब नाही, वाट नाही, धूर नाही. क्वेबेक प्रांतात सेत-ईल या बंदराच्या उत्तरेला सुमारे शंभर मैलांवर, हेलिकॉप्टरनेच पोहोचता येईल अशा एका डोंगरमाथ्यावर, हा प्रदेश त्याला सापडला. १९७० साली स्नो, चित्रपटकार जॉइस वीलंड, अभियंता पिएर आबेलूस आणि बेर्नार गुसार अशी चारच माणसे तेथे उतरली.

आबेलूसने या चित्रपटासाठी एक यंत्र तयार केले होते. या यंत्राच्या बाहूवर बसवलेला कॅमेरा आडव्या अक्षाभोवती, उभ्या अक्षाभोवती आणि स्वतःच्या भिंगाच्या अक्षाभोवती फिरू शकत होता. या तिन्ही गती एकाच वेळी, निरनिराळ्या वेगांनी आणि परस्परविरुद्ध दिशांनी देता येत. जोडीला झूमची चौथी हालचाल होती. थोडक्यात, कॅमेरा एका अदृश्य गोलाच्या केंद्रस्थानी होता आणि त्या गोलाच्या आतील पृष्ठभागावरचा जवळपास प्रत्येक बिंदू त्याच्या टप्प्यात येत होता. त्याला पाहता येत नव्हते ते फक्त स्वतःचे यंत्र. सर्व दिशांना फिरणाऱ्या या डोळ्याच्या टप्प्यात येऊ नये म्हणून यंत्र चालवणारी माणसे खडकाआड दडून बसत. माणसाने माणसाला दृश्यातून वजा केले, ते असे, खडकामागे वाकून बसून. हा तपशील पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

३

चित्रपट जमिनीपासून सुरू होतो. यंत्राच्या पायथ्याचे खडे, माती, खुरटी वनस्पती यांवरून कॅमेरा संथपणे वर्तुळाकार फिरतो. हे वर्तुळ हळूहळू विस्तारत जाते. दूरचा उतार, डोंगररांगा, क्षितिज आणि अखेर निव्वळ आकाश पडद्यावर येते. या पहिल्या प्रदीर्घ खंडात प्रेक्षकाची दिशांची जाण अजून शाबूत असते. आपण एका जागी उभे आहोत आणि मान वर करीत आहोत, अशी कल्पना त्याला करता येते. पुढील खंडांत ही कल्पना मोडत जाते. क्षितिज तिरके होते, उभे होते, उलटे होते. आकाश खाली येते आणि जमीन छतासारखी डोक्यावरून सरकते. वेग वाढला की खडक खडक राहत नाहीत, त्यांच्या रेघा होतात. दिवस कलतो, सावल्या लांबतात, काळोख होतो. या काळोखात पडद्यावर जवळजवळ काहीच नसताना एक पांढरा ठिपका आत येतो, वळसा घेऊन निघून जातो आणि पुन्हा येतो. तो चंद्र असतो. परंतु चंद्र फिरतो आहे की कॅमेरा, याचा निर्णय देणारी कोणतीही खूण त्या काळोखात उरलेली नसते. त्यानंतर पहाट होते. शेवटाकडे यंत्राचा वेग इतका वाढतो की प्रदेश विरघळून रंगाचे आणि प्रकाशाचे झोत तेवढे उरतात.

खंडाखंडांच्या मध्ये पडदा काळा होतो आणि त्यावर एक मोठी प्रकाशमान फुली उमटते. ही फुली विरामचिन्हासारखे काम करते. पण तिचा अर्थ तेवढ्यापुरता राहत नाही. चित्रचौकटीच्या चारही कोपऱ्यांना जोडणाऱ्या या रेषा जिथे छेदतात तो पडद्याचा मध्यबिंदू असतो. म्हणजे भिरभिरणाऱ्या दृश्यांच्या दरम्यान, चित्रपटात जे एकमेव ठिकाण स्थिर आहे, त्याचा निर्देश ही फुली करते.

या घाटाचा विचार करताना मराठी सौंदर्यशास्त्रातील एका परिचित सिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम लयीत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. साहित्याच्या संदर्भात हा सिद्धान्त लावताना येणाऱ्या अडचणी मराठी समीक्षेने पुष्कळ चर्चिल्या आहेत. शब्दाच्या अर्थामुळे लयीचा शुद्ध हिशोब तिथे बिघडतो. स्नोच्या चित्रपटात मात्र मर्ढेकरांच्या तत्त्वांना जवळजवळ प्रयोगशाळेतील शुद्धता लाभते. आडव्या गतीशी उभ्या गतीचा संवाद, एका अक्षावरील वेगाला दुसऱ्या अक्षावरील वेगाने केलेला विरोध, दीर्घ खंड आणि आखूड खंड यांचा समतोल, या संबंधांखेरीज चित्रपटात दुसरी घटना नाही. पात्र नाही, कथानक नाही, संकट नाही. निसर्ग आहे, पण तोही लयीला अंग देणारे द्रव्य म्हणून.

येथेच सिद्धान्ताची कसोटी लागते. केवळ लयबद्ध संवेदनांची रचना एवढेच या चित्रपटाचे स्वरूप असते, तर डोंगरमाथ्याऐवजी एखाद्या रिकाम्या दालनात फिरवलेला कॅमेराही चालला असता. तो चालत नाही. क्षितिज उलटे होते तेव्हा प्रेक्षकाला घेरी येते, पोटात खड्डा पडतो; कारण क्षितिज ही त्याच्या दृष्टीने नुसती रेषा नसते, ती त्याच्या उभे राहण्याची हमी असते. पायाखाली जमीन असणे आणि डोक्यावर आकाश असणे हा त्याच्या शरीराने आयुष्यभर गिरवलेला धडा आहे. चित्रपटाची लय परिणामकारक ठरते ती हा धडा मोडल्यामुळे. तात्पर्य, जिथे आशय पूर्णपणे वजा केल्यासारखा वाटतो तिथेही आशय शिल्लक आहे, आणि तो प्रेक्षकाच्या देहात आहे. लय स्वायत्त नाही. ती देहाच्या स्मृतीवर उभी आहे. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला इतके अनुकूल उदाहरणही त्याची मर्यादा दाखवते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

ध्वनीच्या बाबतीत हेच अधिक तीव्रपणे जाणवते. चित्रपटात वारा ऐकू येत नाही, पाखरू बोलत नाही. ऐकू येतात ते यंत्राच्या हालचालींच्या नियंत्रणाशी जोडलेले इलेक्ट्रॉनिक ध्वनी, घरघर आणि बारीक टिकटिक. निसर्गदृश्याला निसर्गाचा आवाज नाकारल्याने चेतनगुणोक्तीची शेवटची शक्यताही बंद होते. वारा 'गात' नाही आणि खडक 'मूक' राहत नाहीत, कारण मूक राहण्यासाठी बोलण्याची शक्यता असावी लागते. परंतु याचा एक अनपेक्षित परिणाम घडतो. तासाभरानंतर या ध्वनींमध्ये प्रेक्षकाला हेतू जाणवू लागतो. यंत्र काहीतरी शोधते आहे, आता कंटाळले आहे, आता बेभान झाले आहे, असे त्याला वाटते. निसर्गाला नाकारलेले चैतन्य यंत्राकडे जाते. चेतनगुणोक्ती हद्दपार होत नाही. ती फक्त पत्ता बदलते.

४

कथनमीमांसेच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमका करता येतो. झेरार झनेतने 'कोण बोलतो?' आणि 'कोण पाहतो?' या दोन प्रश्नांची केलेली फारकत आता मराठी समीक्षेतही रुळली आहे. स्नोच्या चित्रपटात बोलणारा कुणी नाही, हे उघड आहे. पाहतो कोण, या प्रश्नाची मात्र तीन उत्तरे संभवतात आणि तिन्ही अपुरी पडतात.

पहिले उत्तर असे की दिग्दर्शक पाहतो. पण चित्रीकरण चालू असताना स्नो खडकाआड होता आणि कॅमेऱ्याच्या मागे कुणाचाही डोळा नव्हता. त्याने हालचालींचा आराखडा आखला. त्या आराखड्यातून कोणत्या क्षणी नेमके काय दिसेल, हे त्याला फीत धुऊन आल्यावरच कळणार होते. दुसरे उत्तर असे की यंत्र पाहते. हे उत्तर आकर्षक असले तरी शिथिल आहे. यंत्र नोंद करते. पाहण्यासाठी ज्या निवडीची, लक्ष देण्याची आणि दुर्लक्ष करण्याची शक्ती लागते ती त्याच्यात नाही. त्याला चंद्र आणि दगड सारखेच. तिसरे उत्तर असे की प्रेक्षक पाहतो. पण प्रेक्षकाला पाहण्याचे स्वातंत्र्यच मिळत नाही. एखाद्या खडकावर डोळा स्थिरावतो न स्थिरावतो तोच तो खडक चौकटीबाहेर जातो. इतरांनी ठरवलेल्या दृष्टीने पाहणे प्रत्येक चित्रपटात असते. येथे ती दृष्टी कुणाचीही नाही, हे वेगळेपण आहे.

ॲनेट मायकेलसन हिने स्नोच्या चित्रपटांचे विवेचन करताना त्यांना जाणिवेच्या चिकित्सेशी जोडले, तर जिल देल्यूझने 'सिनेमा १' (१९८३) मध्ये या चित्रपटाकडे निर्देश केला तो भूमी आणि आकाश, आडवे आणि उभे यांची अदलाबदल करणारे, आधारखुणा हरवलेले अवकाश म्हणून. दोन्ही विवेचनांत चित्रपटाचे माहात्म्य मान्य आहे. भर मात्र निराळा आहे. एकीकडे द्रष्ट्याच्या जाणिवेची तपासणी महत्त्वाची ठरते, दुसरीकडे माणसाच्या दृष्टीपलीकडचे दर्शन. या दोहोंत निवड करण्याची खरे तर आवश्यकता नाही. कारण चित्रपटातच एक दृश्य असे आहे की ज्यात हा वाद रूप धारण करतो. ऊन तिरपे असताना कॅमेरा जमिनीवरून फिरतो आणि चौकटीत एक सावली येते. ती यंत्राची सावली असते.

ज्या डोळ्याला सर्व काही दिसते त्याला स्वतःचे अंग दिसत नाही. दिसते ती अंगाने अडवलेल्या प्रकाशाची जागा. या सावलीने 'द्रष्ट्यावाचून दर्शन' या प्रतिज्ञेचा भंग होतो. तिथे काहीतरी उभे आहे, ते कुणीतरी तिथे आणून उभे केले आहे, हे ती सावली सांगते. चित्रपटाचे शीर्षक ज्या मध्यवर्ती प्रदेशाचे नाव घेते तो प्रदेश सभोवारचा डोंगराळ मुलूख नसून, कॅमेरा जिथे उभा आहे आणि जे त्याला कधीच दिसणार नाही, ते ठिकाण होय. केंद्र रिकामे नाही. ते आंधळे आहे. रिकामेपण आणि आंधळेपण यांतील हा भेद या चित्रपटाच्या मूल्यमापनात निर्णायक ठरतो.

५

हा भेद स्पष्ट करण्यासाठी एका समांतर कृतीशी तुलना उपयुक्त होईल. ब्रिटिश चित्रपटकार ख्रिस वेल्सबी याचा 'सेव्हन डेज' (१९७४) हा सुमारे वीस मिनिटांचा चित्रपट वेल्समधील कार्निंग्ली या डोंगरावर, एका ओढ्याकाठी, सात दिवसांत चित्रित झाला. दिवसाच्या उजेडात दर दहा सेकंदांना एक चित्रचौकट, असा नियम होता. खगोलनिरीक्षक ताऱ्यांचा माग घेण्यासाठी वापरतात तसल्या बैठकीवर कॅमेरा बसवलेला होता आणि ती पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखून फिरत होती. ऊन असेल तर कॅमेरा जमिनीकडे, स्वतःच्या सावलीकडे, वळवायचा. सूर्य ढगाआड असेल तर तो सूर्याच्या दिशेने, आकाशाकडे, वळवायचा. म्हणजे कोणते दृश्य घ्यायचे हे ढग ठरवीत होते.

दोन्ही चित्रपटांत दुर्गम डोंगर आहे, यंत्र आहे, आधी ठरवलेला नियम आहे, कॅमेऱ्याची सावलीही आहे. तरीही त्यांची भूमिका भिन्न आहे. वेल्सबीने नियमात हवामानाला भागीदार करून घेतले. निसर्ग तिथे केवळ चित्रविषय नसून निवड करणारा घटक आहे. त्याच्या चित्रपटात सावली हा अपघात नाही, तो रचनेचा अर्धा भाग आहे. स्नोच्या चित्रपटात निसर्ग यंत्राच्या आराखड्यात हस्तक्षेप करीत नाही. ढग येवोत वा जावोत, वर्तुळ ठरल्याप्रमाणेच पूर्ण होते. माणूस वजा केल्याने निसर्ग आपोआप कर्ता होत नाही, हे या तुलनेतून दिसते. माणूस दृश्यातून गेला तरी त्याची सत्ता नियमाच्या रूपाने तिथे राहू शकते. किंबहुना अदृश्य झाल्यामुळे ती अधिक निरंकुश होते. स्नोच्या चित्रपटाची भव्यता वेल्सबीच्या नम्र कृतीला साधणार नाही, हे मान्य करावे लागते. काण्टने उदात्ताच्या अनुभवात इंद्रियांचा पराभव आणि बुद्धीचा विजय असे दोन क्षण कल्पिले होते. स्नोच्या शेवटच्या खंडात पहिला क्षण पूर्णांशाने येतो. दुसऱ्या क्षणी जिंकते ती प्रेक्षकाची बुद्धी नव्हे. यंत्राच्या पाठीमागचा आराखडा जिंकतो.

६

आतापर्यंतचे विवेचन चित्रपटाच्या स्वतःच्या चौकटीत झाले. परंतु आंधळ्या केंद्राचा मुद्दा एकदा मान्य केला की चौकटीबाहेरचा एक प्रश्न टाळता येत नाही. स्नोला हवा असलेला प्रदेश 'मानवी खूण नसलेला' होता. प्रस्तावात त्याने असा चित्रपट कल्पिला होता की जो पृथ्वीवरील आदिम निसर्गाची अखेरची नोंद म्हणून अवकाशात नेता यावा. चंद्रावर पहिले पाऊल पडले त्या १९६९ सालच्या वातावरणाचा स्पर्श या कल्पनेला आहे, आणि चंद्रभूमीइतकाच हा डोंगरमाथाही निर्जन असल्याचे तीत गृहीत आहे. समीक्षेनेही हे गृहीत फारसे तपासले नाही. 'निर्मनुष्य', 'आदिम', 'अस्पर्श' ही विशेषणे या चित्रपटाच्या वर्णनात सहज येत राहिली.

सेत-ईलच्या उत्तरेचा हा मुलूख इनू या आदिवासी समाजाच्या परंपरागत भूमीचा भाग आहे. त्यांच्या भाषेत या भूमीचे नाव नितासिनान, म्हणजे आमची भूमी, असे आहे. हिवाळ्यात नद्यांच्या मार्गाने आतल्या पठारावर शिकारीसाठी जायचे आणि उन्हाळ्यात किनाऱ्याकडे उतरायचे, असा या समाजाचा वार्षिक क्रम पिढ्यानपिढ्या होता. लोहखनिजाच्या वाहतुकीसाठी सेत-ईलपासून शेफरव्हिलपर्यंतचा लोहमार्ग १९५४ साली पूर्ण झाला आणि हा क्रम झपाट्याने विस्कटत गेला. चित्रपटानंतर पाचच वर्षांनी, १९७६ साली, आन आन्तान कापेश (१९२६–२००४) या इनू लेखिकेचे आत्मपर पुस्तक इनू भाषेत, फ्रेंच अनुवादासह, प्रसिद्ध झाले. खाण, शाळा, शिकारीवरचे निर्बंध आणि पोलीस यांच्या मार्गाने भूमी कशी काढून घेतली गेली, याचा जाब ते पुस्तक गोऱ्या समाजाला विचारते. स्नोच्या डोंगरमाथ्यासारखाच उत्तरेचा मुलूख त्यातही आहे. फक्त तिथे प्रत्येक नदीला, तळ्याला आणि वाटेला कुणाचे तरी जाणे-येणे चिकटलेले आहे.

या माहितीच्या आधारे स्नोवर वसाहतवादाचा ठपका ठेवून मोकळे होणे सोपे आहे. ते समीक्षेचे काम नव्हे. स्नोने कुणाला हुसकावले नाही. हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या चार जणांना त्या माथ्यावर माणूस आढळला नाही, हेही खरे. मुद्दा चिन्हमीमांसेचा आहे. खूण नाही म्हणून वावर नाही, हे अनुमान ज्या संस्कृतीत वावराची खूण म्हणजे खांब, कुंपण, रस्ता आणि इमारत असे समीकरण आहे तिथेच सुचते. चालत जाणारा, तंबू उचलून पुढे जाणारा, मागे खूण न ठेवणे हाच ज्याचा वावराचा रीतसर प्रकार आहे असा समाज या समीकरणात बसत नाही. चिन्हाचा अभाव हेच येथे अभावाचे चिन्ह मानले गेले. महसुली दप्तरात जी जमीन 'पडीक' म्हणून नोंदली जाते तिच्यावरून मेंढपाळांचे कळप दरवर्षी जात असतात, हे ज्या वाचकाला ठाऊक आहे त्याला या घोटाळ्याचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची जरूर नाही.

आणि हा घोटाळा चित्रपटाच्या घाटापासून वेगळा काढता येत नाही. यंत्राला आपल्या पायाखालची जागा दिसत नाही, तशीच ज्या दृष्टीने प्रदेश निवडला तिलाही आपण कुठे उभे आहोत हे दिसलेले नाही. सर्व दिशांना वळणाऱ्या कॅमेऱ्याला जागेचे तीनशेसाठ अंश उपलब्ध आहेत. काळाचा मात्र एकही नाही. त्या जमिनीवरून कोण गेले आणि कोण पुन्हा जाणार आहे, हे कितीही वेगाने फिरले तरी चौकटीत येत नाही. फुलीने जो मध्यबिंदू दाखवला तो भूमितीचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याच फुलीचा दुसरा, अधिक परिचित अर्थ लागतो. काट मारण्यासाठीही फुलीच वापरतात.

७

स्नोने पुढे हेच यंत्र 'द ला' या नावाने शिल्प म्हणून मांडले. ते आता कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाच्या संग्रहात आहे. त्यात फिल्म कॅमेऱ्याऐवजी व्हिडिओ कॅमेरा आहे आणि त्याची चित्रे लगोलग दालनातील पडद्यांवर दिसतात. डोंगरावर जे कधीच दिसले नाही ते यंत्र येथे मध्यभागी प्रकट उभे आहे, आणि ज्याला वजा केले होते तो माणूस, म्हणजे प्रेक्षक, त्या पडद्यांवर वारंवार येऊन जातो. चित्रपटात केंद्र अदृश्य होते आणि परिघ दृश्य होता. शिल्पात हा संबंध उलटला आहे. खडकामागे दडलेली माणसे जणू पुढे आली. चित्रपटाने न सोडवलेला प्रश्न त्याच यंत्राने, दुसऱ्या जागी, निदान उघड मांडला, असे या शिल्पाविषयी म्हणता येईल.

'ला रेजियाँ सांत्राल'चे महत्त्व मनुष्यावाचून निसर्ग दाखवण्यात आहे असे मानले, तर तो प्रयत्न फसला असे म्हणावे लागेल. प्रेक्षकाचा देह, यंत्रावर आरोपित होणारे चैतन्य, जमिनीवरची सावली आणि डोंगरापर्यंत पोहोचलेले हेलिकॉप्टर या चारही वाटांनी माणूस परत आला आहे. परंतु हा चित्रपट त्या प्रतिज्ञेपेक्षा मोठा आहे. माणूस वजा करण्याची क्रिया टोकापर्यंत नेल्यास ती कुठे अडते, हे त्याने तीन तासांच्या धीराने दाखवले. ज्या ठिकाणी ती अडते ते ठिकाण पाहणाऱ्याच्या पायाखालीच असते. कलाकृतीने केलेली ही सिद्धता तिच्या कर्त्यालाही लागू पडते, आणि तिच्या समीक्षकालाही. निसर्गकवितेतील मनाचे आरोपण उघडे करणे मराठी समीक्षेला फार पूर्वीपासून जमले आहे. ज्या माळावर, ज्या रानात, ज्या 'एकान्तात' ती कविता घडते तिथून त्या वेळी कोण दूर केले गेले होते, हे विचारणे तिने अद्याप पुरेशा गांभीर्याने आरंभलेले नाही. दूरच्या क्वेबेकमधील एका डोंगरमाथ्यावर पडलेली यंत्राची सावली हा प्रश्न विचारण्याचे निमित्त ठरू शकते.